शेळीच्या दुधात गाय शोधताना: माल्डी टॉफवरचा माझा अनुभव

"एमएस/एमएसने (म्हणजे रेणू यंत्रात फोडून, तुकड्यांची वजनं मोजून) खात्री करून घ्यावी" असा शेरा समितीने प्रगती अहवालावर दिला आहे आणि आपल्या महाविद्यालयात तर मास स्पेक, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, नाही, अशा अवस्थेत जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून दुग्धतंत्रज्ञानात पीएच.डी. करते. दूध, दही, केसिन यांत माझी वर्षं गेली आहेत. पण लेझर, व्होल्टेज, उडणारे आयन हे सगळं माझ्यासाठी नवीन होतं. जून २०२४ ते डिसेंबर २०२४ या काळात जे घडलं ते क्रमाने सांगते.

आधी विषय. शेळीचं दूध गायीच्या दुधापेक्षा महाग विकलं जातं. पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ आली की शहरांत त्याचे भाव आणखी चढतात. या दुधाने प्लेटलेट वाढतात याला भक्कम वैद्यकीय आधार नाही, तरी मागणी वाढते ती वाढतेच. साहजिकच त्यात गायीचं दूध मिसळण्याचा मोह होतो. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणात ही भेसळ प्रथिनांवरून ओळखायची होती.

त्याची किल्ली अल्फा-एस-१ केसिन या प्रथिनात आहे. ट्रिप्सिन हे विकर प्रथिनाला लायसिन आणि अर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापतं. गायीच्या केसिनमधून बारा अमिनो आम्लांचा एक तुकडा निघतो (पुढचं प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल): एफ-एफ-व्ही-ए-पी-एफ-पी-ई-व्ही-एफ-जी-के. शेळीच्या केसिनमधून त्याच जागचा तुकडा अकरांचा निघतो: एफ-व्ही-व्ही-ए-पी-एफ-पी-ई-व्ही-एफ-आर. एक प्रोटॉन चिकटल्यावर पहिल्याचं वस्तुमान १३८४.७३ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) आणि दुसऱ्याचं १३०७.७१. शेळीच्या म्हणून विकलेल्या दुधात १३८४.७३ चा पीक, म्हणजे यंत्राच्या आलेखातलं टोक, दिसला तर शंका घ्यायला जागा आहे.

जूनच्या बैठकीत समितीतल्या सरांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. "वजन जुळलं, मान्य. पण त्याच अमिनो आम्लांचा क्रम उलटसुलट केला तरी वजन तेच येईल. हा तुकडा तोच आहे हे कशावरून?" प्रश्न अगदी रास्त होता. ट्रिप्सिनने कापलेल्या दुधात शेकडो पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, असतात. उत्तर एकच: त्या पेप्टाइडला यंत्रात फोडायचं आणि त्याच्या तुकड्यांची वजनं मोजायची.

२४ जूनला मी आय-स्टेमच्या पोर्टलवर खातं उघडलं. देशभरातल्या सरकारी निधीतून घेतलेल्या उपकरणांची यादी तिथे सापडते आणि वेळही आरक्षित करता येते. यंत्राच्या नावात "टॉफ/टॉफ" असा दोनदा उल्लेख आहे का ते आवर्जून पाहा. माल्डी टॉफ म्हणजे लेझरने रेणू उडवून, त्यांना पोहोचायला लागलेल्या वेळावरून वजन मोजणारं यंत्र. नुसत्या माल्डी टॉफची अनेक यंत्रं फक्त जिवाणू ओळखण्यासाठी बसवलेली असतात आणि ती सरळ नळीची असतात. त्यांवर हे काम होत नाही. फोन करून "आमचा प्रिकर्सर निवडून त्याचा फ्रॅगमेंट स्पेक्ट्रम देता का?" असा थेट प्रश्न विचारावा. प्रिकर्सर म्हणजे फोडण्यासाठी निवडलेला पेप्टाइड, आणि फ्रॅगमेंट स्पेक्ट्रम म्हणजे त्याच्या तुकड्यांच्या वजनांचा आलेख. दोन ठिकाणांहून नाही आलं, तिसऱ्या ठिकाणाहून हो आलं.

मग कागदपत्रं. नमुन्याचं स्वरूप, द्रावक, मीठ आहे का, अपेक्षित वस्तुमान, जैविक धोका आहे का, असा दोन पानी फॉर्म. मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत. शैक्षणिक दर उद्योगांच्या दरापेक्षा बराच कमी असतो, पण तो हे पत्र असेल तरच मिळतो. मला साध्या स्पेक्ट्रमला नमुन्यामागे ५०० रुपये आणि फ्रॅगमेंट स्पेक्ट्रमला प्रत्येक प्रिकर्सरमागे १२०० रुपये सांगितले, वर १८ टक्के जीएसटी. शिवाय ट्रिप्सिन. मास स्पेकच्या दर्जाचं ट्रिप्सिन साध्यापेक्षा फार महाग असतं. शंभर मायक्रोग्रॅमला बारा हजारांच्या वर गेले. तिथे काटकसर करू नये, कारण साधं ट्रिप्सिन स्वतःलाच कापत बसतं आणि त्याचे पीक सगळीकडे पसरतात.

सगळ्यात जास्त वेळ पैशांत गेला. केंद्राचा नियम आधी पैसे भरण्याचा, महाविद्यालयाचा नियम बिल आल्यावर पैसे देण्याचा. यावर तोडगा म्हणजे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. तो केंद्राकडून मागवायचा, त्यावर आगाऊ उचल मंजूर करून घ्यायची आणि काम झाल्यावर पक्की पावती जोडून हिशोब द्यायचा. हे मला लेखा विभागातल्या एका काकांनी शांतपणे समजावून सांगितलं, नाहीतर मी स्वतःच्या शिष्यवृत्तीतून पैसे भरायच्या तयारीत होते. जुलै यातच सरला.

ऑगस्टमध्ये नमुने. शुद्ध शेळीचं दूध म्हणून बाजारातलं काहीही चालणार नव्हतं. संगमनेर तालुक्यातल्या एका ओळखीच्या मेंढपाळ कुटुंबाकडे पहाटे गेले आणि धार काढताना समोर उभं राहून दूध घेतलं. संगमनेरी आणि उस्मानाबादी, दोन्ही शेळ्यांचं. एकाच शेळीवर विसंबू नका. शेळ्यांमध्ये अल्फा-एस-१ केसिनचं प्रमाण जनुकांनुसार खूप बदलतं, काहींत ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे शेळीचा पीक लहान दिसला एवढ्यावरून भेसळ ठरत नाही; गायीचा पीक दिसतो का, हेच पाहावं लागतं. गायीचं आणि म्हशीचं दूधही असंच समोर काढून घेतलं आणि ठरावीक टक्क्यांची मिश्रणं प्रयोगशाळेत बनवली.

पुढची कृती दुग्धशाळेतल्या माणसाला सवयीची आहे. साय काढायची, आम्ल घालून पीएच ४.६ वर केसिन साखळवायचं, धुवायचं, अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवायचं, ट्रिप्सिन घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं. बफर निवडताना मात्र जपा. फॉस्फेट बफर, युरिया, डिटर्जंट, साधं मीठ यातलं काहीही उरलं तर आयन नीट उठत नाहीत आणि सोडियम चिकटलेले जादाचे पीक २२ ने पुढे उभे राहतात. अमोनियम बायकार्बोनेट बरं, कारण ते वाळवताना उडून जातं. शेवटी सी-१८ भरलेल्या छोट्या टिपमधून नमुना निर्मीठ केला: पेप्टाइड टिपला धरून राहतात, मीठ ०.१ टक्के टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल) घातलेल्या पाण्याने धुतलं जातं आणि मग निम्मं पाणी, निम्मं अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाने पेप्टाइड सोडवून घेता येतात.

एक कोरा नमुनाही करा, म्हणजे फक्त बफर आणि ट्रिप्सिन, दूध नाही. माझ्या विषयात तर तो जीव की प्राण होता. गायीचं केसिन हा मास स्पेक प्रयोगशाळांतला नेहमीचा दूषक आहे. ब्लॉटिंग या प्रथिनांच्या चाचणीसाठी दुधाची पावडर वापरणाऱ्या प्रत्येक खोलीत ते असतं. मला जे शोधायचं तेच बाहेरून येण्याची शक्यता! कोऱ्या नमुन्यात १३८४.७३ दिसत नाही हे दाखवल्याशिवाय माझ्या एकाही निष्कर्षाला किंमत नव्हती.

तारीख मिळाली ती गणपतीनंतरची, २३ सप्टेंबर. मधल्या दिवसांत मी या यंत्राबद्दल वाचत राहिले आणि भीती बरीच कमी झाली. पेप्टाइड एका रंगद्रव्यासारख्या आम्लात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मिसळून स्टीलच्या प्लेटवर वाळवायचे. लेझरचा प्रकाश मॅट्रिक्स शोषून घेतं आणि पेप्टाइड त्याच्यासोबत न तुटता वर उडतात. १९८० च्या दशकात जर्मनीत करास आणि हिलेनकाम्प यांनी ही वाट काढली. त्याच सुमारास जपानमध्ये कोइची तानाका यांनी कोबाल्टची बारीक पूड आणि ग्लिसरॉल वापरून मोठी प्रथिनं उडवून दाखवली. २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांत तानाका होते. ते एका उपकरण कंपनीतले अभियंते होते आणि त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, हे वाचून मला खूप बरं वाटलं.

तुकड्यांचा भाग समजायला मात्र वेळ लागला, म्हणून तो इथे सविस्तर सांगते. सगळ्या आयनांना सारख्याच व्होल्टेजने ढकललं की हलके जोरात पळतात, जड सावकाश. पोहोचायला लागलेल्या वेळावरून वजन कळतं. पण आयन वाटेत फुटला तर? त्याचे तुकडे मूळ वेगानेच पुढे जातात, त्यामुळे सरळ नळीत ते मूळ आयनासोबतच पोहोचतात आणि वेगळे दिसतच नाहीत. ८ किलोव्होल्टने ढकललेला १३८४.७३ चा आयन सेकंदाला सुमारे ३३ किलोमीटर वेगाने जातो. त्यातून फुटलेला ९२०.४९ चा तुकडाही त्याच वेगाने जातो, पण त्याच्या वाट्याला ऊर्जा दोनतृतीयांशच येते. फरक आहे तो या ऊर्जेत. १९७० च्या दशकात मामिरिन यांनी मांडलेला रिफ्लेक्ट्रॉन, म्हणजे आयनांना उलट फिरवणारा विद्युत आरसा, हा फरक वेळेत बदलतो: कमी ऊर्जेचा तुकडा आरशात कमी खोल शिरतो आणि लवकर परततो. टॉफ/टॉफ यंत्रात त्याआधी आणखी दोन पायऱ्या असतात. एक क्षणभर उघडणारं दार फक्त हवा तो प्रिकर्सर आणि त्याचे तुकडे आत सोडतं, आणि मग या सगळ्यांना पुन्हा एक मोठा व्होल्टेजचा धक्का मिळतो. त्यामुळे लहानमोठे सगळे तुकडे एकाच स्पेक्ट्रममध्ये मोजता येतात.

हे दार फार बारीक नसतं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. शेजारी काही एककांच्या अंतरावर दुसरा पीक असेल तर तोही आत शिरतो आणि दोघांचे तुकडे मिसळतात.

२३ तारखेला सकाळी थर्मासमध्ये बर्फ आणि नमुने घेऊन पोहोचले. फाटकावर प्रवेशपत्र, लॅपटॉपची नोंद, मग प्रयोगशाळा. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी आधीच सांगितलं, "मॅडम, स्पॉटिंग तुम्हीच करा, मी बघते." ३८४ खळ्यांची प्लेट, एक मायक्रोलिटर नमुना, एक मायक्रोलिटर मॅट्रिक्स. माझा हात थरथरत होता. वाळल्यावर पिवळसर, एकसारखे बारीक स्फटिक दिसले की स्पॉट चांगला. कडेला जाड कंगोरा आणि मधे रिकामं दिसलं तर मीठ उरलं आहे असं समजा. प्रत्येक नमुना तीन खळ्यांत लावा आणि कोणत्या खळ्यात काय आहे ते तिथेच वहीत लिहा, कारण वाळल्यावर सगळे स्पॉट सारखेच दिसतात.

आधी वस्तुमानाचं कॅलिब्रेशन. ब्रॅडिकायनिन, अँजिओटेन्सिन, बॉम्बेसिन अशा ठरलेल्या पेप्टाइडांचं तयार मिश्रण त्यांच्याकडे होतं. शिवाय ट्रिप्सिनचे स्वतःचे ८४२.५१ आणि २२११.१० हे पीक नमुन्यातच असतात, त्यांवरून ताळा होतो. कोऱ्या नमुन्यात हे दोन दिसले, थोडं केराटिन (त्वचा-केसांतलं प्रथिन) दिसलं, १३८४.७३ नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. शुद्ध शेळीच्या दुधात १३०७.७१ ठळक, आणि त्याच्या १२८ पुढे, १४३५.८१ ला, एक छोटा. ट्रिप्सिनने न कापल्याने पुढचं लायसिन तुकड्याला चिकटूनच राहिल्याची ती खूण. गायीच्या दुधात १३८४.७३. दोन्हीकडे १२६७.७०, कारण वाय-एल-जी-वाय-एल-ई-क्यू-एल-एल-आर हा तुकडा दोघींतही आहे.

मग फ्रॅगमेंट मोड. लेझरची ऊर्जा वाढवली जाते आणि हजारो शॉट एकत्र केले जातात. ताई प्लेटवर जागा बदलत राहिल्या आणि पडद्यावर गवतासारख्या गोंधळातून एकेक पीक वर येऊ लागला. छापील स्पेक्ट्रम मी गाडीतच उघडला आणि घरी पोहोचेपर्यंत पेन्सिलीने वजाबाक्या करत होते.

सॉफ्टवेअर आहेच, पण पहिला स्पेक्ट्रम हाताने सोडवा असं मी कळकळीने सांगेन. पेप्टाइड बहुधा अमिनो आम्लांमधल्या जोडावर तुटतं. शेपटाकडचा भाग भार घेऊन उरला तर तो वाय आयन, डोक्याकडचा उरला तर बी आयन. लागोपाठच्या दोन वाय आयनांतला फरक म्हणजे एक अमिनो आम्ल. गायीच्या स्पेक्ट्रममध्ये १४७.११ होता, शेवटी लायसिन असल्याची ही खूण. तिथून २०४.१३, फरक ५७.०२, ग्लायसिन. मग ३५१.२०, फरक १४७.०७, फेनिलअ‍ॅलॅनिन. ४५०.२७, व्हॅलिन. ५७९.३१, ग्लुटामिक आम्ल. ६७६.३७, प्रोलिन. ८२३.४३ लहानसाच. आणि ९२०.४९ सगळ्यांत उंच. ६७६ आणि ९२० उंच असायला कारण आहे: प्रोलिनच्या अलीकडचा जोड सहज तुटतो, आणि या पेप्टाइडमध्ये प्रोलिन दोन आहेत. उजवीकडून डावीकडे के, जी, एफ, व्ही, ई, पी, एफ, पी अशी अक्षरं उलगडत गेली. डोक्याकडून २९५.१४ चा बी आयन दोन फेनिलअ‍ॅलॅनिन सांगत होता आणि तळाशी १२०.०८ ला फेनिलअ‍ॅलॅनिनचा, ७०.०७ ला प्रोलिनचा स्वतंत्र पीक. सरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर होतं.

मग शेळीचा. सुरुवात १७५.१२ पासून, म्हणजे अर्जिनिन. पुढे ३२२.१९, ४२१.२६, ५५०.३०, ६४७.३५, ७९४.४२, ८९१.४७. गायीच्या ३५१.२० पासूनच्या प्रत्येक पायरीपेक्षा २९.०१ ते २९.०२ ने कमी! गायीत शेवटी ग्लायसिन आणि लायसिन, शेळीत त्यांच्या जागी एकटं अर्जिनिन. त्या बदलाचा फरक शिडीभर तसाच चालत जातो. दुसऱ्या जागी फेनिलअ‍ॅलॅनिनऐवजी व्हॅलिन असल्याचे ४८ मिळवले की एकूण ७७.०२, आणि १३८४.७३ वजा १३०७.७१ तेवढेच. ही बेरीज जुळली त्या रात्री मला झोप लागली नाही.

काही गोष्टी या पद्धतीने कळत नाहीत, त्याही लिहून ठेवते. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन अगदी सारखं, त्यामुळे आम्हाला मिळालेल्या स्पेक्ट्रमवरून त्यांत निवड करता येत नव्हती. ग्लुटामिन आणि लायसिन यांत फक्त ०.०४ चा फरक आहे आणि तुकड्यांच्या मोजणीत इतकी अचूकता नसते. लागोपाठ दोन ग्लायसिन असले तर त्यांचं वजन एका अस्पॅराजिनएवढं भरतं. प्रबंधात हे मोकळेपणाने लिहावं.

नंतर मॅस्कॉटवर, म्हणजे स्पेक्ट्रम प्रथिनांच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरवर, शोध घेतला. वर्गवारीत फक्त शेळी निवडली तर गाय सापडणारच नाही, म्हणून सगळे सस्तन प्राणी ठेवले; तुकड्यांच्या वजनात ०.५ पर्यंतच्या फरकाची मुभा ठेवली. आणि दूषकांची तयार यादी वगळायचा पर्याय बंद केला, कारण अशा याद्यांत गायीचं केसिन असतं. दुधावर काम करणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

कमी टक्क्यांच्या मिश्रणांत १३८४.७३ अंधुक होता आणि शेजारचा पीक दारातून आत शिरत होता. त्यासाठी दुसरी तारीख घ्यावी लागली, दिवाळीनंतर १८ नोव्हेंबरची. मधे यंत्राची देखभाल होती. अशी वाट पाहावी लागणार हे गृहीत धरूनच वेळापत्रक करा. या वेळी सी-१८ टिपमधून अ‍ॅसिटोनायट्राइल थोडं थोडं वाढवत पेप्टाइड टप्प्याटप्प्याने सोडवले आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या खळ्यात लावला. शेजारी दूर झाला आणि ६७६, ९२० स्वच्छ दिसले.

याच फेरीत मार्गदर्शक मॅडमनी सुचवलेला प्रश्नही सुटला. १३८४.७३ चा तुकडा म्हशीच्या केसिनमध्येही तसाच आहे. मग भेसळ गायीची की म्हशीची? त्यासाठी दुसरा तुकडा पाहिला: गायीत एच-क्यू-जी-एल-पी-क्यू-ई-व्ही-एल-एन-ई-एन-एल-एल-आर, १७५९.९४, म्हशीत सातव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसिन, १६८७.९२. दोन्हींत ९७०.५७ चा वाय आयन तोच. त्याच्या पुढची पायरी गायीत १०९९.६१, म्हशीत १०२७.५९. ज्या जागी फरक असायला हवा, शिडी नेमकी तिथेच वेगळी होते.

बाजारातून पावतीसह घेतलेल्या नमुन्यांपैकी काहींत १३८४.७३ होता, आणि त्यांत १७५९.९४ ही होता, १६८७.९२ दिसला नाही. विक्रेत्यांची नावं प्रबंधात दिलेली नाहीत, नमुना क्रमांक दिले आहेत. डिसेंबरच्या बैठकीत समितीने हे प्रकरण स्वीकारलं.

निघताना केंद्राकडून फक्त पीडीएफ घेऊ नका. मूळ डेटा आणि पीक लिस्ट दोन्ही मागा, नव्या कोऱ्या पेनड्राइव्हवर. काही ठिकाणी वापरलेला पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. डेटा ते किती महिने ठेवतात आणि शोधनिबंधात आभार कोणत्या शब्दांत मानायचे, हे लेखी घ्या. आणि पक्क्या पावतीवर महाविद्यालयाचं पूर्ण नाव आणि जीएसटी क्रमांक आहे ना, हे काउंटरवरच पाहा. आगाऊ उचलीचा हिशोब त्याशिवाय बंद होत नाही. माझा १३ डिसेंबरला बंद झाला.